सगळ्या घराचे पाच दिवस

कळप डोंगरावर निघायला नऊ दिवस उरले होते आणि नऊशे मेंढ्या अजून कातरायच्या होत्या. खालचं गवत संपलेलं. अंगावर वर्षाची लोकर घेऊन मेंढी त्या चढणीला लागली की अर्ध्या वाटेत उन्हाने बसते, आणि बसलेली मेंढी उठत नाही. मालकाने टोळीला एकदाच सांगितलं होतं, दहावा दिवस मागू नका.

टोळी सहा जणांची. त्यात दोघे भाऊ. थोरला टोळीचा म्होरक्या. त्याचा हात असा, की आपल्याला कातरतायत हे मेंढीला कळायच्या आत ती उघडी होऊन पळत सुटायची. धाकटा हाताने तितकाच तेज आणि तोंडाने त्याहून. दोघांची आई कोपऱ्यात दगडावर कातरींना धार लावून द्यायची. थोरल्याची बायको कातरलेली लोकर उचलून जाळीच्या टेबलावर पसरायची, पोटाखालची मळकी वेगळी, पाठीची लांब वेगळी असं निवडायची आणि पोत्यात टाकायची. पोत्यात उभी असायची भिंगरी, तिची मुलगी.

पोतं माणसापेक्षा उंच, लाकडी चौकटीला टांगलेलं. भिंगरीला वरून आत सोडायचं. वरून लोकर पडायची, ती तुडवायची, आणि लोकर दबत दबत वर आली की तिच्याबरोबर तीही वर यायची. आधी केस दिसायचे, मग डोळे, मग हसणारं तोंड. सात वर्षांची पोर. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं, बाकी कुठे नव्हतं. रांगायच्या वयातच ती एका जागी ठरेना, तेव्हा आजीने भिंगरी म्हटलं आणि तेच चिकटलं.

त्या दिवशी दुपारी आईने लोकर टाकली आणि पोतं हललं नाही. तिने आणखी एक भारा टाकला, तरी हललं नाही. चौकटीवर चढून आत डोकावली, तर भिंगरी एका पायावर उभी होती. दुसरा पाय गुडघ्यात वाकवून वर धरलेला. म्हणाली, दुखतोय.

दुखण्याचं त्या घराला काही नवल राहिलं नव्हतं. दोन महिने घरात फोड फिरत होते. आधी धाकट्याच्या मानेवर आला, मग थोरल्याच्या हातावर, मग आईच्या मांडीवर, मग भिंगरीला बसायच्या जागी. लाल गाठ, मध्ये पिवळं तोंड, दोन-तीन दिवस ठणका, मग फुटायचा. उष्णतेचे आहेत, असं सगळ्यांचं मत. नाक्यावरचा औषधवाला गोळ्यांची पट्टी द्यायचा. फोड फुटला की गोळ्या बंद, उरलेल्या पुढच्या फोडासाठी ठेवायच्या. एकाचा सुकला की दुसऱ्याला उठायचा, जसं काही घरात पाळी लावली होती.

रात्री भिंगरीला ताप आला. सकाळी आजीने पायाला तेल लावायला घेतलं. मांडीच्या खालच्या टोकाला हात लागला मात्र, पोरीने अशी किंकाळी फोडली की शेडमधल्या मेंढ्या एकदम मागे सरल्या. आजीने हात झटकन काढून घेतला आणि स्वतःच्याच हाताकडे बघत बसली.

थोरला म्हणाला, पोत्यात उड्या मारून मुरगळलाय, उद्यापर्यंत बघू. बायकोने ऐकून घेतलं. मग टेबलावरची लोकर तशीच सोडली, पोरीला गोधडीत गुंडाळलं आणि लोकरीची पोती घेऊन बाजारगावी निघालेल्या ट्रकवर, पोत्यांच्या वर जाऊन बसली. नवरा खालून म्हणाला, अगं, टेबल कोण सांभाळणार. ती म्हणाली, तुम्हीच ठरवा.

ट्रक धक्के देत निघाला. पोती मऊ होती, तेवढाच पोरीला आराम.

बाजारगावचं इस्पितळ दुमजली होतं. मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दिवसभर बोलून त्यांचा घसा बसलेला होता. त्यांनी आधी भिंगरीशी गप्पा मारल्या, मेंढ्या कशा ओरडतात ते विचारलं, आणि बोलता बोलता एका बोटाचं टोक पायावरून हळूहळू वर नेलं. गुडघ्यावर काही नाही. गुडघ्याच्या जरा वर बोट टेकलं आणि भिंगरी आईला घट्ट बिलगली.

पायाचा फोटो निघाला, सोनोग्राफी झाली, रक्त तपासायला गेलं. मग बाई आईला म्हणाल्या, "हाडाला धरून पू झालाय, ताई. मुरगळलेलं नाही हे. आजच उघडून काढायला लागेल."

आईने सगळे फोड सांगितले, कुणाला कधी, कुठे. पिशवीतून गोळ्यांच्या रिकाम्या आणि अर्ध्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. येताना काय सुचलं कुणास ठाऊक, पण तिने त्या सगळ्या उचलून आणल्या होत्या. बाईंनी पत्ते मांडावेत तशा त्या मांडल्या. सात पट्ट्या, तीन नावं. बाई म्हणाल्या, नावं तीन असली तरी औषध एकाच घराण्यातलं, आणि एकही पट्टी पुरी संपलेली नाही.

"म्हणजे या जंतूला तुम्ही सात वेळा थोडं थोडं मारलंत. मरायचे ते मेले. उरले ते पैलवान."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं, असं आईला वाटलं.

दुपारी हाडांच्या डॉक्टरांनी पाय उघडला. अर्धी वाटी पू निघाला. त्यातला थोडा बाटलीत घालून तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेला. बाईंनी सांगितलं, की हा कुठला जंतू आणि तो कशाला मरतो हे कळायला दोन दिवस लागतील, पण थांबून चालणार नाही. ज्याचा त्यांना संशय होता त्याच्यावरचं खरं औषध इस्पितळात संपलेलं होतं. त्यांनी शहरात फोन लावला. तोवर हाताशी होतं ते सलाइनमधून सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई चिठ्ठी घेऊन बसथांब्यावर उभी राहिली. कंडक्टरने पायरीवरूनच पुठ्ठ्याचा खोका तिच्या हातात दिला आणि ती पळत सुटली. फाटकाशी रखवालदाराने हटकलं. ती थांबली नाही, खोका नुसता वर करून दाखवला.

ते औषध मोठं नखऱ्याचं निघालं. सिस्टर म्हणाल्या, याला घाई चालत नाही, तासभर थेंब थेंब जायला हवं. जोरात गेलं तर तोंड लालबुंद होतं, अंगाला खाज सुटते. दर सहा तासांनी एकदा. आई बाटलीखाली बसून थेंब मोजायला लागली. मेंढीच्या लोकरीतला एक वेगळा धागा शंभरातून उचलणारे तिचे डोळे होते, थेंबाची चाल जरा बदलली की ती सिस्टरला हाक मारायची. संध्याकाळपर्यंत सिस्टरने तिला नळीवरचं चाक कसं फिरवायचं हे न शिकवताच दाखवून टाकलं, वर हात मात्र लावायचा नाही म्हणून बजावलंही.

ताप उतरला नाही. भिंगरी डोळे उघडायची आणि मिटायची. कोपऱ्यातली वेगळी खोली होती त्यांची, दारात हात धुवायचं पाणी, साबण, आत येणाऱ्याने धुवायचे, बाहेर जाणाऱ्याने धुवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः जिना चढून आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, सहसा खालून न हलणाऱ्या. डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, खाली चला, बघायलाच हवं. मग आईकडे वळून म्हणाल्या, तुम्हीही या, तुमच्या घरचंच आहे.

काचेच्या बशीएवढी चपटी ताटली होती. तिच्यात पिवळसर थर, सगळीकडे सारखा, दाट, पेरलेल्या वाफ्यासारखा. तो थर म्हणजे जंतू. त्यावर कागदाच्या टिकल्या ठेवलेल्या, प्रत्येक टिकलीत एक औषध. एका टिकलीला तो थर अगदी खेटून वाढला होता, जणू तिथे काही नव्हतंच.

"ही तुमच्या त्या सात पट्ट्यांच्या घराण्यातली," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "त्याला पत्ताच नाही तिचा."

दुसऱ्या टिकलीभोवती मोकळं रिंगण होतं. तिथे काहीच उगवलेलं नव्हतं. तण जळालेली जमीन दिसावी तसं ते स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरीणबाईंच्या मनात तेच औषध होतं, पोर घरी गेल्यावर तोंडाने द्यायला, कारण सुई जन्मभर लावून ठेवता येत नाही. पण आई वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "हे रिंगण या बाजूला चपटं का आहे?"

चष्म्याच्या बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं आणि हसल्या. त्याच्यासाठीच तर त्या जिना चढून आल्या होत्या. शेजारी दुसऱ्या औषधाची टिकली होती, तिच्या बाजूने रिंगण कापल्यासारखं सरळ झालं होतं. त्याचा अर्थ असा, की हा जंतू आज या औषधाला मरताना दिसतो, पण त्याच्याकडे सुटायची युक्ती आहे, आणि औषध देत राहिलं तर तो ती वापरणार. पोर घरी जाईल, बरी वाटेल, आणि महिन्याने पुन्हा हाडात पू. डॉक्टरीणबाईंनी टाचणीच्या टोकाने त्या सरळ कडेवरून हवेतच रेघ ओढली. इतका वेळ बसलेला त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "हे मी दिलं असतं," त्या म्हणाल्या.

तिसरी टिकली खालच्या कडेला होती. तिच्याभोवती मोठं रिंगण, सगळ्या बाजूंनी गोल. आईने ते दोनदा, तीनदा डोळ्यांनी फिरून पाहिलं. कुठेच चपटं नव्हतं. शिवाय नखऱ्याच्या औषधाची मोजणी वेगळ्या नळ्यांत केली होती. तेही लागू होतं. आत्ता सुईतून ते, घरी गेल्यावर हे. आई जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. खोलीत जाऊन पोरीला सांगू लागली, तर काय सांगायचं तेच तिला जमेना, म्हणून तिने नुसतं तिचं बोट धरून गादीवर गोल काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने थर्मामीटर काखेतून काढला, बघितला, झटकला आणि पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही तेच. ताप नव्हता. भिंगरीने डोळे उघडून विचारलं, इथे खायला काय देतात. तिला उकडलेला बटाटा दिला, तो संपला. दुसरा दिला, तोही संपला. मग ती म्हणाली, माझं पोतं कोण तुडवतंय.

तिचा बाप दुपारी आला तेव्हा तिने त्यालाही हेच विचारलं. पोतं आजी काठीने ढोसत होती. नऊशेतल्या पाचशे मेंढ्या उरल्या होत्या आणि पाच दिवस. त्याच्या अंगाला लोकरीच्या तेलाचा वास येत होता, डाव्या हाताला कोपराखाली फडकं बांधलेलं. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं आणि सोडायला सांगितलं. तो म्हणाला, काही नाही, कातर लागली. खोलीच्या दारात दोन सिस्टर, एक झाडूवाला आणि शेजारच्या मुलाची आई उभी होती. शेडमध्ये ज्याच्या शब्दावर कातरी उठायच्या आणि थांबायच्या, तो माणूस हात पाठीमागे घेऊन शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. सिस्टरला ते कळलं. तिने त्याला पडद्याआड नेलं.

फडक्याखाली सुपारीएवढा फोड होता, वाहता. त्या फडक्यानेच तो घाम पुसत होता आणि त्याच हाताने कातर पुढच्याला देत होता.

बाईंनी नवरा-बायकोला समोर बसवलं. पोरीचं औषध तिच्या हाडातला जंतू मारेल, पण तो घरातही बसलाय, त्या म्हणाल्या. नाकात, काखेत, टॉवेलात, गोधडीत. फोड नसलेल्याच्याही नाकात असतो. म्हणून सगळ्या घराने एकाच वेळी पाच दिवस करायचं. औषधी साबणाने रोज डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ, दिवसातून दोनदा नाकात मलम, ज्याचा त्याचा टॉवेल, कपडे आणि चादरी उकळत्या पाण्यात, कातरी उकळून, जखमा झाकून. एकाने टाळलं तर त्याच्याकडून पुन्हा सगळ्यांकडे. काम बंद करायची गरज नाही, पण वाहता फोड असलेल्याने कातर धरायची नाही, तो सुकेपर्यंत.

"तो तर हाच हात आहे," थोरला म्हणाला. मेंढी ज्या हाताने धरायची, तो.

मग बायको म्हणाली, "तुम्ही इथे बसा. मी जाते."

लग्नाआधी बापाच्या टोळीत ती कातर चालवायची, हे त्याला माहीत होतं. सासरी आल्यावर आठ वर्षांत तिने कातरीला फक्त तेल लावलं होतं. त्याने तिच्या मनगटांकडे बघितलं. नाही म्हणावं असं काही सापडलं नाही. मग तिने त्याला थेंब मोजायला शिकवलं, बाटली कधी बदलायची, हात किती वेळ धुवायचे, भिंगरीला उताणं झोपायला आवडत नाही, सगळं. चार मलमाच्या नळ्या आणि साबणाच्या बाटल्यांची पिशवी घेऊन ती निघाली.

शेडवर धाकट्याने सगळं ऐकून घेतलं आणि कातर खाली न ठेवताच म्हणाला, हात धुवेन, टॉवेल वेगळा घेईन, पण नाकाला मलम लावून सजायला मी नवरी नाही. बाकीचे चौघे हसले. त्याहून मोठी गोष्ट त्याने हळू आवाजात सांगितली. मालकाच्या कानावर गेलं तर टोळी रोगी म्हणून हाकलतील, पुढच्या वर्षी या पट्ट्यात कुणी उभं करणार नाही. "वहिनी, तोंड उघडू नका."

ती रात्रभर त्यावर विचार करत पडली आणि सकाळी तोंड उघडायला निघाली. कारण सगळी टोळी तोंड पुसायची तो खिळ्याला टांगलेला टॉवेल मालकाच्याच शेडमधला होता आणि लोकरीच्या ढिगाऱ्यावर भिंगरीच्या शेजारी दुपारी मालकाची चार वर्षांची नातही झोपायची. धाकटा तिच्या मागे मागे चालत आला. अडवायला आला होता, पण मालकाच्या अंगणात पोहोचेपर्यंत त्याला अडवणं जमलं नाही.

मालक साठीचा, कमी बोलणारा. तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. हाडातला पू, ताटली, नवऱ्याचा हात, पाच दिवस. कुठेच मऊ करून सांगितलं नाही. मालक मेंढ्यांकडे बघत ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने एकच विचारलं, "फोड कुठे कुठे येतात?"

तिने जागा सांगितल्या. मालकाने घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, पोरीला बाहेर आण. सून नातीला कडेवर घेऊन आली. पोरीच्या काखेत लाल गाठ होती आणि काल संध्याकाळपासून अंग गरम होतं. नाक्यावरच्याच गोळ्या चालू होत्या.

मालक उठला. पायात चपला घातल्या. गाडी काढायला सांगितली, आणि सुनेला म्हणाला, त्या गोळ्यांची पट्टीही घे बरोबर. मग भिंगरीच्या आईकडे वळून त्याने विचारलं, डॉक्टरीणबाई किती वाजता भेटतात.

गाडीची धूळ बसेपर्यंत धाकटा अंगणात उभा होता. मग तो शेडकडे परतला. दाराशी आल्यावर त्याने पिशवीतून नळी काढली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "हे नाकात किती आत घालायचं?"

त्या दिवशी शेडचं रूप पालटलं. आजीने तीन चुलाणी पेटवली. मोठाल्या कढयांत पाणी उकळू लागलं, त्यात चादरी, गोधड्या, अंगरखे, टॉवेल. तारांवर इतके कपडे वाळत पडले की मेंढ्या बुजून पलीकडे जाईनात. कातरी सुट्या करून उकळत्या पाण्यात टाकल्या आणि आजीने प्रत्येकीला नव्याने धार दिली. धार लावताना ती पुटपुटत होती, की आयुष्यभर भांडी उकळली, हत्यारं उकळायची अक्कल म्हातारपणी आली. खिळ्यावरचा टॉवेल तिने चुलीत घातला. प्रत्येकाला वेगळा टॉवेल मिळाला. ओळखायला कुणी टोकाला एक गाठ मारली, कुणी दोन, आणि धाकट्याने चार, म्हणजे लांबूनही दिसाव्यात. संध्याकाळी आजीसकट सगळे रांगेत मान मागे टाकून बसले. हसू आवरेना, तरी सगळ्यांनी लावलं.

कामाचा एक दिवस त्यात अर्धा गेला होता. साडेचार दिवसांत चारशे साठ मेंढ्या.

भिंगरीच्या आईने पहिली मेंढी उचलून बसवली तेव्हा तिच्या कमरेतून कळ गेली. मेंढीची पाठ आपल्या पोटाला टेकवायची, मान गुडघ्यात धरायची, डाव्या हाताने कातडी ताणायची, पोटापासून सुरू करायचं. डोक्याला सगळं आठवत होतं, बोटांना नव्हतं. पहिल्या मेंढीला दोन ठिकाणी ओरखडा गेला. धाकट्याने शेजारून बघितलं आणि नजर वळवली. दहावीला ओरखडा गेला नाही. त्या दिवशी तिच्या अकरा झाल्या, धाकट्याच्या तेवीस. संध्याकाळी तिची बोटं मिटेनात. आजीने ती गरम पाण्यात धरली, आणि मग साबणाने धुवायला लावली.

दुसऱ्या दिवशी तिच्या सोळा झाल्या. इस्पितळातून ट्रकवाल्याबरोबर निरोप यायचे. ताप नाही. सूज उतरली. आज पोरगी बसली. मालकाची नात शेजारच्या खोलीत आहे, तिचा फोड कापला, तिच्या हाडापर्यंत गेलेलं नाही. प्रत्येक निरोपाने तिच्या हाताला जोर चढायचा. तिसऱ्या दिवशी वीस. लोकर एकसंध, अंगरखा उतरावा तशी जमिनीवर पडायला लागली. तेव्हा पोटापासून मानेकडे जाणाऱ्या कातरीचा जो आवाज असतो, एकसारखा, मध्ये न अडखळणारा, तो तिला आठ वर्षांनी पुन्हा ऐकू आला, आणि तो आपल्याच हातातून येतोय याचा तिला इतका आनंद झाला की ती जेवायला उठेना.

बाकीचे चौघेही पेटले. धाकटा तिच्याशी शर्यत लावू लागला, मोठ्याने आकडे मोजायचा, मुद्दाम एक जास्त सांगायचा. ती मान वर न करता त्याची चोरी पकडायची. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत अडतीस उरल्या, मग बारा, मग चार. शेवटची मेंढी धाकट्याने धरली आणि सोडली. वहिनीसमोर ढकलली. तिने ती सावकाश कातरली. मेंढी उठली, पांढरी, हलकी, जरा लाजल्यासारखी, आणि दारातून धावत सुटली. कळप निघताना मालक शेडशी थांबला आणि पुढच्या वर्षीची तारीख सांगून गेला.

ती तशीच ट्रकवर चढली. इस्पितळात खोलीच्या दारात हात धुतले आणि आत बघितलं, तर नवरा खाटेपासून चार पावलांवर उकिडवा बसला होता, दोन्ही हात पसरून, पण कुणाला न शिवता. मधल्या जागेत भिंगरी उभी होती. आईला बघून ती हसली नाही. तिचं सगळं लक्ष जमिनीकडे होतं. एक पाऊल टाकलं, ओठ चावला, दुसरं टाकलं. तिसऱ्याला बापाने तिला धरलं आणि तिच्या केसांत तोंड लपवून तो रडायला लागला. त्याच्या हाताला स्वच्छ पट्टी होती आणि खाली कोरडी खपली.

सुईचं औषध सुटल्यावर गोल रिंगणाचं औषध तोंडाने सुरू झालं. दर आठवड्याला रक्त तपासायला जायचं. पोरीला त्या गोळीचा कडूपणा सहन व्हायचा नाही, ती सगळ्यांना वेठीस धरायची, पण एकही गोळी चुकली नाही. धाकटा, तिचा काका, रोज पट्टी उजेडात धरून रिकामी घरं मोजायचा. सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला बाहेरच्या लांब व्हरांड्यातून चालून दाखवायला सांगितलं. ती टोकापर्यंत गेली आणि परत यायच्याऐवजी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. बाप मागे धावला. बराच वेळ दोघंही आले नाहीत.

त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांच्या नाकांचे नमुने तपासून आले होते. बाईंनी कागद वाचून सांगितलं, सगळे स्वच्छ, एक सोडून. सगळ्यांनी आधी काकाकडे बघितलं. काकाने छातीवर हात ठेवून शपथ घ्यायची तयारी केली. बाई म्हणाल्या, "ते नाहीत. आई."

भिंगरीच्या आईला आधी कळलंच नाही, मग तिचा चेहरा पडला. सगळ्यांच्या मागे लागणारी तीच, आणि शेडवरच्या त्या पाच दिवसांत शेवटच्या दोन सकाळी घाईत मलम राहून गेलं होतं, हे तिला तिथेच आठवलं. तिने ते बोलूनही दाखवलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोड नाही, काही बिघडलेलं नाही, पुन्हा पाच दिवस करा, सगळे मिळून, म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काकाने अंगणात चूल पेटवली. पाणी तापवलं, टॉवेल उकळले, साबणाची बाटली न्हाणीच्या दाराशी ठेवली आणि वहिनीला म्हणाला, आधी तुम्ही, मान आणि कानामागेसुद्धा, मी बाहेर उभा आहे. त्याच्या तोंडावरचा आनंद त्याला लपवता येत नव्हता, त्याने लपवलाही नाही. सासू कोपऱ्यातून म्हणाली, दोन महिने वाट बघत होता तो या दिवसाची.

न्हाऊन आल्यावर ती पायरीशी उभी राहिली. भिंगरी नळी आणि कापूस घेऊन आली. मी लावणार, म्हणाली. आईने मान मागे टाकली, पण पोरीचा हात पोहोचेना. मग ती त्या पायाच्या चवड्यावर उभी राहिली, दुसरा पाय सहज मागे उचलून, सगळा भार गुडघ्यावरच्या त्या लांब व्रणाच्या पायावर. आईने मान खाली केली असती तर सोपं झालं असतं. तिने केली नाही. श्वास रोखून तशीच वर बघत उभी राहिली, आणि पोरीने सावकाश, एका नाकपुडीचं झाल्यावर दुसरीचं, मलम लावून पुरं केलं.